टस्कीगीच्या विटांबद्दल, पुन्हा एकदा

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा वाचली, काल पुन्हा वाचली. दोन ओळींत 'धन्यवाद' लिहून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीने उत्तर देते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी अलाबामातल्या टस्कीगी या काळ्यांच्या कॉलेजबद्दल भरभरून लिहिलं आणि त्याचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांना कर्मवीर भाऊरावांच्या पंगतीला बसवलं. तुम्ही जन्मभर आयटीआयमध्ये शिकवलंत. तुमचा पहिला आक्षेप असा की कर्मवीरांनी पोरांच्या हाती खोरं दिलं, पण हक्क मागू नका असं कधी सांगितलं नाही, वॉशिंग्टननी सांगितलं. दुसरा, टस्कीगीत काळ्या रुग्णांना उपचार न देता केलेल्या सिफिलिसच्या (एका गुप्तरोगाच्या) प्रयोगाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि तिसरा, काळ्यांची वेगळी कॉलेजं आज चालवणं म्हणजे उलटा जातिभेदच.

पहिल्या आक्षेपातला कर्मवीरांचा मुद्दा मला मान्य आहे. १८ सप्टेंबर १८९५ ला अटलांटात गोऱ्या श्रोत्यांपुढे वॉशिंग्टन म्हणाले, की सामाजिक व्यवहारात आपण बोटांसारखे वेगळे राहू शकतो आणि प्रगतीच्या कामात हातासारखे एक. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व, म्हणजे काळ्या-गोऱ्यांच्या सोयी वेगळ्या ठेवणं, उचलून धरलं. १९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना करून काळ्यांचा मतदानाचा हक्क जवळजवळ काढूनच घेतला. वॉशिंग्टनवर सर्वांत धारदार टीका केली ती काळे विचारवंत ड्यू बॉइस यांनी, १९०३ मध्ये, आणि ते शिकले होते फिस्कमध्ये, म्हणजे काळ्यांच्याच दुसऱ्या एका कॉलेजात. माझे वडील साताऱ्याला बोर्डिंगात राहून, कमवून शिकले. त्या ओढीने मी घाईत ती तुलना केली. ती मागे घेते.

पण 'विटा पाडायला लावून गुलामच घडवले' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही.

४ जुलै १८८१ ला शाळा उघडली तेव्हा एका चर्चजवळची मोडकी खोली आणि तीस विद्यार्थी एवढंच होतं. राज्याने वर्षाला दोन हजार डॉलर दिले होते, तेही फक्त पगारासाठी. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून पंचविशीतल्या मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. पुढे उजाड झालेला एक जुना मळा विकत घेतला. तिथे वर्ग भरवायचे तर इमारत हवी, इमारतीला विटा हव्यात, आणि विटा घ्यायला पैसे नाहीत. म्हणून पोरं गुडघाभर चिखलात उतरली. कित्येकांना ते इतकं जिवावर आलं की शाळा सोडून गेली. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली. तिसरी भाजून होत आली असताना मध्यरात्री ढासळली. वॉशिंग्टन आपलं घड्याळ घेऊन माँटगोमेरीला गेले, पंधरा डॉलरवर गहाण टाकलं आणि चौथी लावली. ती साधली. घड्याळ मात्र त्यांना कधीच सोडवता आलं नाही.

त्या दिवसांतली एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. न्याहारीला धड काही मिळालं नाही, म्हणून एक मुलगी निदान पाणी प्यावं म्हणून विहिरीवर गेली, तर दोर तुटलेला. 'या शाळेत प्यायला पाणीसुद्धा मिळत नाही,' असं ती म्हणाली आणि ते वॉशिंग्टननी ऐकलं. इतकं खचवणारं वाक्य आपण दुसरं ऐकलं नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं.

आणि सर, तुमचा आक्षेप त्या पोरांच्या आईबापांनीही तेव्हाच घेतला होता. आम्ही गुलामीत हेच केलं, आता पोरांना पुस्तकं शिकवा, असे निरोप यायचे. त्यांचं काय चुकलं? ते म्हणत होते तेही रास्तच होतं.

तरीही त्या विटांचं पुढे काय झालं ते पाहा. कॉलेज वाढलं, त्याच्या शेजारी १९२३ मध्ये काळ्या माजी सैनिकांसाठी सरकारी हॉस्पिटल आलं. त्यामुळे टस्कीगीत असा एक मोठा वर्ग तयार झाला, ज्याचा पगार गावातल्या गोऱ्या मालकाच्या हातात नव्हता. हे लोक मतदार म्हणून नाव घालायला जात, तेव्हा डॉक्टरेट मिळवलेल्या प्राध्यापकांनाही वाचनाच्या परीक्षेत नापास केलं जाई. तरी नावं लागत गेली. मग १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गावाचा अठ्ठावीस बाजूंचा आकार केला. सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच आत उरले, गोरा एकही बाहेर गेला नाही. कॉलेजसुद्धा गावाबाहेर! त्यावर काळ्या गिऱ्हाइकांनी गोऱ्यांच्या दुकानांत जाणं बंद केलं. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नावाने खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि एकमताने जिंकला, १४ नोव्हेंबर १९६० ला. वॉशिंग्टन वारले तोही १४ नोव्हेंबरच, १९१५ चा.

नोकरी जाण्याची भीती नसलेली माणसं गावात नसती, तर तो बहिष्कार टिकला असता का? ती माणसं त्या विटांच्या आधारावर उभी होती. खुद्द वॉशिंग्टनही, बाहेर नमतं घेत असताना, अलाबामाच्या मतबंदीविरुद्धच्या खटल्याला गुपचूप पैसे पुरवत होते. तो खटला १९०३ मध्ये हरला. भाषणातल्या नमतेपणाचं पाप यामुळे धुतलं जात नाही. पण तुम्ही म्हणता तेवढा सरळ हा माणूस नव्हता.

मी तिथे गेले होते. अटलांटाहून गाडीने दोन-सव्वादोन तास. अलाबामात शिरलं की घड्याळ तासभर मागे जातं. आवारात वॉशिंग्टनचा पुतळा आहे, खाली बसलेल्या एका काळ्या माणसावरचा पडदा ते उचलताहेत. उचलताहेत की पाडताहेत, असा प्रश्न इथेच शिकलेल्या एका लेखकाने पुढे कादंबरीत विचारला. मी बराच वेळ पुतळ्याभोवती फिरले, मला ठरवता आलं नाही. चॅपलजवळ वॉशिंग्टन आणि इथेच शिकवणारे शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर या दोघांच्या कबरी आहेत. कार्व्हर आपल्याकडे घरोघर पोचले ते एका मराठी पुस्तकामुळे. त्या दगडापाशी उभं राहून मला शाळेतल्या वाचनाच्या तासाची आठवण आली.

आता सिफिलिस. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सुमारे सहाशे काळ्या पुरुषांना 'उपचार करतो' म्हणून फसवलं. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही दिलं नाही. प्रयोग अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याचा, पण कॉलेजच्या हॉस्पिटलने त्याला हातभार लावला, हेही खरंच. कॉलेजवरच्या प्रेमापोटी मी ते गाळलं. हे चुकलं, आणि त्याला दुसरं कारण नाही.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी ठाम आहे. अलाबामा विद्यापीठात काळे विद्यार्थी टिकून शिकू लागले ते १९६३ पासून. टस्कीगी तेव्हा ब्याऐंशी वर्षांचं होतं. वेगळं राहायचं कोणी ठरवलं होतं, हे त्या आकड्यांतच आहे. सॅमी यंग हा टस्कीगीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. ३ जानेवारी १९६६ ला पेट्रोल पंपावर त्याने गोऱ्यांसाठीचं स्वच्छतागृह वापरू द्या म्हटलं आणि त्याला गोळी घातली गेली. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने मारेकऱ्याला सोडलं. अशा गावात त्या पोरांना हक्काचं आवार तेवढं एकच होतं. आजही अमेरिकेतल्या काळ्या पशुवैद्यांपैकी निम्म्याहून जास्त याच कॉलेजातून बाहेर पडलेले आहेत. १९४५ मध्ये तो विभाग सुरू झाला नसता तर ते कुठे शिकले असते, हे तुम्हीच सांगा.

मूळ लेखातलं कर्मवीरांशी तुलनेचं वाक्य मी काढलं आहे आणि सिफिलिसवर एक परिच्छेद घातला आहे. तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक ओळ होती, की फिटरच्या वर्गात आलेल्या पोराला पहिला दिवस कायम अपमानाचा वाटतो. त्यावर सविस्तर लिहाल का? इथेच छापेन, एक शब्दही न बदलता.