मिस्सेला जायचंय, पण देवाला डिस्टर्ब करायचं नाही? मग हे वाचा

रविवार आला की ठाण्यातल्या कॅथलिक माणसाची पंचाईत होते, मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवली तर पाप आणि वेळेवर गेलं तर सगळीच ऐकावी लागते. घाबरू नका. थोडी तयारी केली की मिस्सेला जाऊनही जसे गेलात तसेच सुखरूप घरी येता येतं.

पहिलं म्हणजे उपास. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत फादर देतात ती पवित्र भाकर घेण्याच्या, आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. आता नीट बघा हं, मिस्सेच्या आधी असं नाही म्हटलेलं, कम्युनियनच्या आधी म्हटलंय. म्हणजे संध्याकाळी सातची मिस्सा, फादर जरा लांब बोलणारे, कम्युनियन पावणेआठला, तर पावणेसातपर्यंत वडापाव एकदम कायदेशीर. (एरवी ज्या प्रवचनाच्या नावाने आपण बोटं मोडतो ते इथे कामाला येतं.) आपल्या आज्या-पणज्या मध्यरात्रीपासून उपाशी राहून मिस्सेला जायच्या, पाणी प्यायची मुभासुद्धा १९५३ ला मिळाली, मग १९५७ ला तीन तास झाले आणि १९६४ च्या नोव्हेंबरात पोप पॉल सहावे यांनी ते एक तासावर आणलं, आणि लगेच डिसेंबरात युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे याच पवित्र भाकरीच्या भक्तीच्या जागतिक मेळाव्यासाठी, स्वतः मुंबईला आले. एवढी सूट मिळूनही तो एक तास जड जात असेल तर चहा औषधात धरा, नाही प्यायलो तर डोकं दुखतंच ना.

उशिराचं टेन्शन घेऊ नका. सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जात असाल तर तलावपाळीला पार्किंग मिळालं नाही हे कारण आहेच, कोणी विचारणार नाही. आत शिरल्यावर शेवटचा बाक आणि त्यातही कडेची जागा धरायची, मागून एखादी आजी आली तर आत सरकायचं नाही, फक्त पाय तिरके करायचे, तिला जायचं असेल तर जाईल.

टॅबर्नॅकलसमोर, म्हणजे पवित्र भाकर ठेवतात त्या पेटीसमोर, उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा असतो. तो जमत नसेल तर आपल्याकडे १९६९ पासून हात जोडून वाकून नमस्कार करायलाही परवानगी आहे. पण दोन्ही केलं तर लोक म्हणतील फारच धार्मिक झालाय, म्हणून मधला मार्ग घ्या, बुटाची लेस सुटलीय का बघावी तेवढंच वाका.

घंटी वाजली, फादरांनी भाकर वर उचलली, की मोबाईल काढा. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या सभेने १५५१ ला ठरवून टाकलंय की रूप भाकरीचंच राहतं पण तत्त्व बदलून खुद्द ख्रिस्त तिथे असतो, पूर्ण, आणि तुकडा केला तरी प्रत्येक तुकड्यात पूर्ण. म्हणजे स्टेटसला टाकायला याहून मोठा पाहुणा कुठून मिळणार?

आता कम्युनियन. कन्फेशनच्या, म्हणजे पापं कबूल करायच्या, लायनीत दोन म्हातारे आणि कम्युनियनच्या लायनीत अख्खं चर्च, यावरून आपण सगळे किती पवित्र आहोत ते कळतंच. बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना, लिहिलंय की आधी स्वतःला तपासा, अयोग्य रीतीने खाल तर दोषी ठराल, पण ते करिंथकरांना लिहिलंय, ठाणेकरांना नाही. फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणाले की ‘आमेन’ म्हणायचं असतं, घाईत थँक्यू निघालं तरी चालेल, मॅनर्स दिसतात. तिथेच तोंडात घालायचा नियम आहे, तुम्ही चालता चालता चघळत या, वाटेत ओळखीचं कोणी दिसलं तर भुवया उडवा, आणि तळहाताला कण चिकटला असेल तर जीन्सला पुसा. वर प्रत्येक तुकड्यात पूर्ण कोण असतं म्हणालो होतो ते आत्ता आठवायची गरज नाही.

आणि हो, पुतणीच्या लग्नाला शेजारच्या काकू येतील आणि लायनीत उभ्या राहतील, त्यांना मात्र ताबडतोब अडवा. सांगा, काकू हा तुमच्यासारखा प्रसाद नाही, हा साक्षात देव आहे, आमच्यातल्यांनाच मिळतो. नियम म्हणून बरोबरच आहे ते. त्या बिचाऱ्या कान पकडून मागे सरतील. त्यांच्याकडे गणपतीला गेलात तेव्हा चपला बाहेर काढल्यात, दोन्ही हातांची ओंजळ करून शिरा घेतलात, खाली पडलेला कण उचलून डोळ्यांना लावलात, तो विषय वेगळा, तिथे लोक बघत असतात.

शेवटच्या आशीर्वादाला थांबू नका, गाडी अडकेल. गेटवर मात्र दहा मिनिटं उभं राहून चर्चा करा की आजकाल श्रद्धाच राहिली नाही, आणि सगळं बिघडलं ते तोंडात द्यायचं सोडून हातात कम्युनियन द्यायला लागले म्हणून. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल शिकवत होते की राजाला घ्यायचंय तर डाव्या हाताचं उजव्याला सिंहासन करा, ते कोणी काढलं तर विषय बदला. मग यावर एक कडक मेसेज लिहून धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ग्रुपवर टाका. टाइप करायला निवांत वेळ मिळत नसेल तर पुढच्या रविवारचं प्रवचन आहेच.