दोष आढळला नाही

आमची गाडी बंद पडते, याला कागदोपत्री कसलाही पुरावा नाही. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या प्रत्येक जॉब कार्डावर शेवटच्या रकान्यात एकच शेरा आहे: ‘दोष आढळला नाही.’ ती सगळी कार्डं मी फाईलला लावून ठेवली आहेत. गाडी कधी विकायची वेळ आली, तर यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र मिळायचं नाही.

गाडी सेकंडहँड आहे, हे सांगायला नकोच. नवी का नाही घेतली, असं लोक विचारतात. नवी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ती सपाट्याने उतरते. हा फटका दुसऱ्याने खावा आणि उरलेली गाडी आपण चालवावी, हा माझा हिशेब होता. हिशेब बिनचूक आहे, आजही आहे. त्यात फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पहिल्या मालकाला ती गाडी का नकोशी झाली हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या विकणाऱ्याने कारण सांगितलं, “मालकांना मोठी गाडी घ्यायचीय.” आजवर जगात जेवढ्या जुन्या गाड्या विकल्या गेल्या, त्या सगळ्या मोठी गाडी घ्यायची म्हणूनच. बंद पडते म्हणून कुणी विकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मीटरवर किलोमीटर कमी होते. ब्रेक पॅडलचं रबर मात्र मधोमध पार झिजून खालचं लोखंड चकाकत होतं, आणि स्टिअरिंग जिथे दोन हातांनी धरतात तिथे आरशासारखं तोंड दिसेल असं गुळगुळीत झालेलं. मी बोट ठेवून दाखवलं. विकणारा जराही न गडबडता म्हणाला, “मालक जरा घट्ट धरून चालवायचे.” मग किंमत पाडली, आणि वर एक वर्षाची वॉरंटी पदरात पाडून घेतली.

वॉरंटीवर माझा भरवसा उगाच नव्हता. त्याला अर्थशास्त्राचा आधार होता. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक शोधनिबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणं चांगल्या मालकाला परवडत नाही, तो आपली गाडी काढून घेतो, आणि बाजारात राहतात त्या भंगार. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता (त्यांच्या संपादकांकडे नव्या गाड्या असणार), आणि २००१ साली अकरलॉफना नोबेल मिळालं. या दुखण्यावरच्या उपायांत त्यांनी गॅरंटीही सांगितली आहे. विकणारा हमी देतो, म्हणजे जोखीम तो घेतो, म्हणजे गाडी बरी असणार. तर्क बरोबर आहे. नोबेलवाल्यांना हमीपत्राची मागची बाजू वाचावी लागत नाही, एवढंच.

आता खोड काय ते सांगतो. गाडी गार असताना एकदम झकास. अर्धा-पाऊण तास चालली, इंजिन चांगलं तापलं, आणि सिग्नलला थांबलो की बंद. धूर नाही, धक्का नाही, ना हूं ना चूं. सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरतं, पण पकडत नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, वायपर फिरतात, काचा वरखाली होतात. पुढे जाणं सोडलं तर गाडीचं सगळं चालू असतं. मग अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, पहिल्याच सेल्फला चालू.

त्या अर्ध्या तासात माणसं जमतात. “पेट्रोल आहे ना?” हा पहिला. “बॅटरी गेली असणार,” हा दुसरा. हॉर्न वाजवून दाखवला तरी तो मत बदलत नाही. तिसरा काही बोलत नाही. बॉनेट उघडायला लावतो, आत वाकतो, एक नळी दाबून बघतो, “हं” म्हणतो आणि निघून जातो. त्या “हं”मध्ये नक्की काय होतं, या विचारात मी पुष्कळ अर्धे तास काढले आहेत.

गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली की वाटेत ती निवते. तिथे जो कोणी चावी फिरवेल त्याला लगेच दाद देते. घरी भोकाड पसरणारं पोर पाहुण्यांसमोर हात जोडून कविता म्हणून दाखवतं, तशी ती त्या लोकांसमोर वागते. मेकॅनिक एक ट्रायल मारून येतो, ही ट्रायल म्हणजे पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, आणि म्हणतो, “साहेब, गाडी मख्खन आहे.” माझ्याकडे बघण्याची त्याची नजर मात्र बदललेली असते. दोष गाडीत नाही म्हटल्यावर तो कुठे तरी असणारच ना.

“स्कॅनर लावून बघा की,” मी सुचवलं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं झालं आणि मग ती पद्धत जगभर गेली. इंजिनच्या कॉम्प्युटरला काही बिनसल्यासारखं वाटलं, की तो त्याचा एक क्रमांक लिहून ठेवतो. एवढंच नाही, तर त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलेलं होतं, तेही टिपतो. म्हणजे गाडीच्या पोटातच सगळी साक्ष नोंदलेली असते. स्कॅनर लावला. मेमरी कोरी! मग उलगडा झाला. गाडी आत घेतल्याघेतल्या पहिल्या पोऱ्याने सवयीने बॅटरीचा टर्मिनल काढून “रिसेट मारला” होता. पंचनाम्याच्या आधी पोलिसांनीच फरशी पुसून घ्यावी, तसला प्रकार. जॉब कार्डावर शेरा पडला. तोच.

मग मी वॉरंटीचं पुस्तक वाचायला घेतलं. अक्षर बारीक होतं, पण मजकूर फारच उघड होता. क्रँकशाफ्ट कव्हर्ड. पिस्टन कव्हर्ड. कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, गिअरबॉक्समधले दातेरी गिअर, सगळं कव्हर्ड. मी मनात म्हटलं, वा! पान उलटलं. क्लच प्लेट नाही. ब्रेक पॅड नाहीत. बॅटरी, बल्ब, टायर, बेल्ट, होज, रबराच्या वस्तू, ऑइल, कूलंट, फिल्टर, काहीच नाही. थोडक्यात, जे भाग गाडीपेक्षा जास्त जगतात त्यांची जबाबदारी कंपनीची, आणि जे माणसांदेखत झिजतात ते आपले.

त्यातही टायमिंग बेल्टचं कलम मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. हा रबरी पट्टा इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवतो. तो तुटला, तर पुष्कळ इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो, व्हॉल्व्ह वाकतात, आणि हेड उतरवावं लागतं. व्हॉल्व्ह वॉरंटीत आहेत. पण ते वाकले पट्ट्यामुळे, पट्टा वॉरंटीत नाही, आणि वॉरंटीत नसलेल्या भागामुळे वॉरंटीतल्या भागाचं नुकसान झालं तर ते वॉरंटीत नाही. गाडी गरम होऊन इंजिन गेलं तर? तेही नाही, कारण काटा वर गेल्यावर तुम्ही थांबायला हवं होतं. आणि काटाच बिघडलेला असेल तर? मीटर हा शोभेच्या भागांत धरलेला होता.

“म्हणजे व्हॉल्व्ह आपले आपण, मनानेच, वाकायला हवेत,” बायको म्हणाली. ती कायदा शिकलेली नाही, पण वॉरंटीचं मर्म तिने एका वाक्यात पकडलं.

फोनवर क्लेम विभागातली व्यक्ती अतिशय गोड बोलायची. “सर, दोष दिसला की आम्ही लगेच क्लेम घेऊ. व्हिडिओ पाठवा.” पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा बायकोने व्हिडिओ काढला. सेल्फ फिरतोय, गाडी पकडत नाहीये, माझा चेहराही स्पष्ट. उत्तर आलं: गाडीचा नंबर दिसत नाही. दुसऱ्यांदा नंबरप्लेटचा काढला. उत्तर: मीटर दिसत नाही. आता नंबरप्लेट गाडीच्या बाहेर असते आणि मीटर आत असतो, ही गोष्ट फोनवर समजावून सांगताना माणूस फार एकटा पडतो. “एकाच सलग शॉटमध्ये घ्या, सर.” मग बायको समोरून नंबरप्लेटपासून सुरू करून, मोबाईल न हलवता, दाराला वळसा घालून खिडकीतून मीटरवर यायची तालीम करू लागली. पहिल्या रीतसर टेकला ती मीटरवर पोचली, मी सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. व्हिडिओत बायकोचा आवाज आहे. तो मी क्लेम विभागाला पाठवला नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही “मख्खन” म्हणाले नाहीत, तेवढ्यावरच मी त्यांचा झालो. गाडी चालू करून त्यांनी अंगणात उभी ठेवली आणि स्वतः दुसऱ्या गाडीच्या खाली शिरले. “चालू राहू द्या. बोलेल ती.” बऱ्याच वेळाने इंजिन बंद पडलं, तेव्हा गाडीखालून फक्त आवाज आला, “हात लावू नका.” बॅटरीला कुणालाही फिरकू न देता त्यांनी स्कॅनर जोडला. पी ०३३५. क्रँक सेन्सर.

हा बोटाएवढा सेन्सर. क्रँकवरच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावरच्या, दातेरी चाकासमोर बसून तो दात मोजतो. बऱ्याच गाड्यांत त्या चाकावर साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती फट समोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, पिस्टन आता कुठे आहेत, ठिणगी कधी टाकायची. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असलं, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला पंचवीस ठिणग्या लागतात, म्हणजे हा मोजणारा जरा अडखळला की संपलं. आमच्या सेन्सरच्या आतल्या तारेला केसासारखी चीर होती. तापला की तार फाकायची, निवला की टोकं पुन्हा चिकटायची. सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटरला वाटायचं, इंजिन फिरतच नाहीये, मग ठिणगी आणि पेट्रोल द्यायचं कशाला?

सेन्सर इलेक्ट्रिकल भागांच्या यादीत होता. कव्हर्ड! वॉरंटीवाल्यांचा सर्व्हेअर आला. त्याने काढलेला सेन्सर टेबलावर ठेवला, रोध मोजायच्या मीटरच्या दोन पिना लावल्या. ८६० ओहम. “सर, पार्ट चांगला आहे,” म्हणत त्याने फॉर्मवर लिहायला पेन उघडलं. काय लिहिणार ते मला पाठ होतं.

मिस्त्री म्हणाले, “थांबा की दोन मिनिटं, साहेब.” रंग सुकवायची हॉट एअर गन आणली, पिना लावलेल्याच ठेवून सेन्सरवर गरम हवा सोडली. ८७०. ९१०. ९५०. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतोच, सर्व्हेअर म्हणाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. ९९०. आणि एकदम आकडा गेला. पडद्यावर नुसती मर्यादेबाहेरची खूण. गन बंद केली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने आकडा परत आला, ९६० वर, जणू मधे काही घडलंच नाही. “परत करा,” सर्व्हेअर म्हणाला. परत केलं, परत गेला. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं खरं ठरवलेलं नाही.

क्लेम मंजूर झाला. सेन्सर कंपनीचा. तो बसवायची मजुरी ठरलेल्या दराने, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्मी. निदानाचा खर्च नाही. सेन्सरभोवतीची ओ-रिंग नाही, कारण ती रबराची. जुना सेन्सर मला आठवण म्हणून हवा होता, पण नियमाप्रमाणे तो कंपनीची मालमत्ता झाल्यामुळे सर्व्हेअरने पाकिटात घालून सही घेऊन नेला. गाडी तेव्हापासून सिग्नलला बंद पडलेली नाही.

गेल्या आठवड्यात गोड आवाजाचा फोन आला. “सर, तुमची वॉरंटी संपत आलीये. वाढवून घ्यायची का? फक्त यापुढे क्रँक सेन्सर वगळावा लागेल, त्यावर आधी क्लेम झालाय.”

“अहो, पण तो सेन्सर तुम्ही नेलात. हा नवा आहे.”

“सिस्टिममध्ये भागाचं नाव जातं, सर. भाग नाही जात.”

बायकोने खूण केली, एसीचं विचार. हल्ली तो मधूनच गरम हवा फेकतो. मधूनच, म्हणजे दुरुस्तीवाला जवळ नसताना.

“एसीचा कॉम्प्रेसर कव्हर्ड आहे, सर. गॅस नाही.”

मी फोनवर हात ठेवून बायकोला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला.

“भर पैसे,” ती म्हणाली. “मी मोबाईल चार्जिंगला लावते.”