सलाईनच्या नळ्या सगळ्या सारख्या नसतात हो

'हॉस्पिटलची लूट ओळखा' हा मेसेज दोन दिवसांत चार ग्रुपवर आलाय, आणि काल पेडण्याहून वडलांना केमोला घेऊन आलेली मुलगी तोच मोबाईलवर दाखवून मला विचारत होती, सिस्टर, ही फिल्टरवाली नळी कशाला, साधी चालते ना? तिचा राग नाही आला, भीती वाटली, कारण तिने खरंच साधी आणली असती.

मेसेजातलं पहिलं: 'नळ्या सगळ्या सारख्याच, महाग मागवली तर नकार द्या.' साफ चूक. साधी नळी पीव्हीसी या प्लास्टिकची, पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ राहावं म्हणून त्यात डीईएचपी नावाचं रसायन घालतात. तिच्या वडलांचं औषध होतं पॅक्लिटॅक्सेल, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात येतं, आणि तो द्रावक नळीतलं डीईएचपी ओढून घेतो. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, खोबरेल लावलं की सुटतो ना, तसंच. म्हणून डीईएचपी नसलेला नळीचा सेट, आणि बारीक कण अडवायला 0.22 मायक्रॉनचा फिल्टर. तिला हे फणसाचं सांगितलं, लगेच पटलं.

दुसरं: 'इन्सुलिनच्या ड्रिपचं पहिलं 20 मिली नर्स बकेटीत ओतते, अडवा तिला.' अहो नका अडवू! इन्सुलिन नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं, सुरवातीला पेशंटपर्यंत कमीच पोचतं, शुगर हलत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि नंतर अचानक खाली येते. 20 मिली आधी सोडलं की नळीचं पोट भरतं, मग पुढचा डोस बरोबर मिळतो.

तिसरं: 'काचेच्या बाटलीतून दिलं की बास.' अर्धंच खरं. छातीच्या दुखण्याचं नायट्रोग्लिसरीन पीव्हीसी नुसतं पिऊन टाकतं, 40 ते 80 टक्के औषध नळीतच राहू शकतं, नळी लांब आणि ड्रिप हळू असली तर जास्तच. बाटली काचेची आणि खाली नळी पीव्हीसीची, तर उपयोग काय?

चौथं: 'प्लास्टिक रक्तात जाऊन कॅन्सर होतो, हातातली सुई काढायला लावा.' वर नळ्या सारख्याच म्हणायचं आणि खाली हे! हातात राहते ती सुई नसतेच, बारीक मऊ नळी, म्हणजे कॅन्युला असते, टेफ्लॉन किंवा पॉलियुरेथेनची, पीव्हीसीची नाही. डीईएचपीची काळजी खोटी नाही, अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने, एफडीएने 2002 मध्येच सावध केलंय, पण मुख्यतः नवजात मुलग्यांसाठी. मोठ्या माणसाने त्या भीतीने चालू औषध बंद करायचं नाही.

आणि फार्मसीत जाल तेव्हा पाकीट नीट वाचा. 'डीईएचपी फ्री' आणि 'नॉन पीव्हीसी' एक नव्हे. पॅक्लिटॅक्सेलला पहिलं चालेल, नायट्रोग्लिसरीनला दुसरंच लागतं, कारण तिथे पीव्हीसीच औषध पितं.