मोहाचा हंगाम आणि मार्च महिना

आमच्या लॉ कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी वाढदिवस आणि बदल्यांच्या बातम्यांवर चालतो. अलीकडे तिथे एका आकड्यावरून बरीच वादावादी झाली. २०१८ पासून देशभरातल्या उच्च न्यायालयांत जे न्यायाधीश नेमले गेले, त्यांत अनुसूचित जमातींचे शंभरात जेमतेम दोन निघतात. माहिती सरकारनेच संसदेत दिलेली. २०११ च्या जनगणनेनुसार हा समाज देशात ८.६ टक्के आहे आणि महाराष्ट्रात नऊ टक्क्यांच्या वर. ग्रुपवरचा सूर ओळखीचा होता. "राखीव जागा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणखी काय करायचं?" "हायकोर्टाला लायक माणसं मिळायला नकोत का?" मग एकाने मला विचारलं, "तू कॅनडात आहेस. तिकडे म्हणे वकिलांना आदिवासींचा इतिहास सक्तीने शिकवतात. तू काय म्हणतेस?"

चार ओळींत सांगता येईना, म्हणून इथे लिहिते आहे. पण सुरुवात कॅनडापासून करता येत नाही.

व्हँकुव्हरला येण्याआधी मी पूर्व विदर्भातल्या एका तालुका न्यायालयात सहा वर्षं वकिली केली. माडिया या आदिवासी समाजातल्या एका बाईचा ताब्याचा दावा माझ्याकडे होता. तिच्या शेतात गावाबाहेरच्या एका माणसाने कुंपण घातलं होतं. कुंपण कधी घातलं, हे विचारायला मी दुभाषा म्हणून एका शिपायाला बसवलं. त्याला बाजारापुरती माडिया येत होती. बाई बराच वेळ बोलली. हाताने काहीतरी वेचल्यासारखं करून दाखवलं. शिपाई म्हणाला, "मोहाच्या वेळी, म्हणते." मोहफुलं मार्चमध्ये पडायला लागतात, एवढं मला माहीत होतं. मी सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्रात 'मार्च महिन्यात' लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तलाठ्याचा पंचनामा काढला. तारीख जूनची, आणि त्यात खांब 'नुकतेच रोवलेले' असल्याची नोंद. मार्चमध्ये घातलेलं कुंपण जूनमध्ये नुकतंच रोवलेलं कसं? बाई तेच परत परत सांगत राहिली, शिपाई तेच परत परत 'मोहाच्या वेळी' म्हणत राहिला. साक्षीदार विश्वासार्ह नाही, असं निकालात आलं. पुढे तिच्या गावच्या शाळेतल्या एका मुलाकडून मला कळलं की ती फुलांबद्दल बोलतच नव्हती. मोहाची फळं पिकून गळतात, त्यातली बी, म्हणजे टोळंबी, तेलासाठी वेचतात, त्या दिवसांबद्दल ती सांगत होती. ते दिवस पावसाच्या तोंडावरचे. म्हणजे तिची साक्ष आणि पंचनामा तंतोतंत जुळत होते. खोटं फक्त मी लिहिलेलं होतं.

त्या न्यायालयाच्या बार रूममध्ये माजी अध्यक्षांच्या तसबिरींची एक रांग होती. पक्षकारांत निम्म्याहून जास्त गोंड आणि माडिया असत. भिंतीवर त्यांच्यातला एकही नव्हता, आणि आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

कॅनडात वकिलीची परवानगी मिळवण्यासाठी परीक्षा द्यायला लागले तेव्हा डेलगामुक खटल्याशी गाठ पडली. गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या राष्ट्रांच्या (इथे आदिवासी समाजांना राष्ट्र म्हणतात) वंशपरंपरागत प्रमुखांनी आपल्या भूमीसाठी लढलेला हा खटला १९८७ मध्ये उभा राहिला. मेरी जॉन्सन या वृद्ध गिटक्सान साक्षीदार आपल्या घराण्याचं गाणं न्यायालयात म्हणू लागल्या. त्यांच्या कायद्यात ते गाणं म्हणजे जमिनीवरच्या हक्काचा दाखला. न्यायाधीश म्हणाले, माझा कान पत्र्याचा आहे, म्हणजे मला गाण्यातलं कळत नाही, माझ्यापुढे गाऊन उपयोग नाही. १९९१ चा निकाल विरोधात गेला. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मौखिक इतिहासालाही पुरावा म्हणून योग्य वजन द्यावं लागेल. हे वाचताना मला तो शिपाई आठवला, आणि वेचून दाखवणारा हात.

आता सक्तीच्या अभ्यासक्रमाबद्दल. हो, आहे. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे माझ्या प्रांतात, लॉ सोसायटी म्हणजे आपल्या बार कौन्सिलसारखी संस्था; तिने सगळ्या वकिलांना काही तासांचा एक अभ्यासक्रम बंधनकारक केला, तो मीही पूर्ण केला. शेजारच्या अल्बर्टात पाच तासांचा बंधनकारक झाला. तिथल्या पन्नासेक वकिलांनी २०२३ मध्ये अर्ज करून हा नियमच रद्द करावा म्हणून विशेष सभा बोलवायला लावली. वकिलांवर राजकीय विचार लादले जातात, असं त्यांचं म्हणणं. मतदान झालं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतं त्या ठरावाच्या विरोधात पडली. नियम तेव्हा राहिला.

ग्रुपवरच्या मित्रांना यात सक्ती दिसते. मला त्यामागचा माणूस दिसतो. आदिवासी मुलांना घरापासून तोडून कॅनडाच्या ज्या निवासी शाळांत ठेवलं गेलं, तिथे त्यांचं काय झालं, याचा शोध घेणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर हे अनिशिनाबे समाजातले वकील, १९८८ मध्ये मॅनिटोबा प्रांताचे पहिले आदिवासी न्यायाधीश. २०१५ मध्ये आयोगाने ९४ शिफारशी केल्या. हा इतिहास शिकवा असं सांगणारी सत्ताविसावी लॉ सोसायट्यांसाठी आणि अठ्ठाविसावी विधी महाविद्यालयांसाठी. ही शिफारस लिहिणारा माणूस ज्या खुर्चीवर बसला होता, ती महत्त्वाची. जोडी विल्सन-रेबोल्ड २०१५ मध्ये देशाच्या पहिल्या आदिवासी कायदामंत्री झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी सरकारी वकिलांसाठी निर्देश काढले: आदिवासींशी खटले लढण्यापेक्षा वाटाघाटी करा, मौखिक इतिहास दाखल करून घ्यायलाच हरकत घेत बसू नका. त्याच महिन्यात त्यांचं खातं बदललं गेलं, पण निर्देश कागदावर आले. त्याआधीच्या किती कायदामंत्र्यांना हे सुचलं नव्हतं!

व्हँकुव्हरच्या लॉ सोसायटीच्या इमारतीत प्रवेश करताच न्यायाधीश मॅथ्यू बेग्बी यांचा पुतळा असे. १८६४ मध्ये सिल्कोटिन राष्ट्राच्या प्रमुखांना वाटाघाटीसाठी बोलावलं आहे असं वाटून ते आले आणि पकडले गेले. बेग्बींच्या न्यायालयात खटला होऊन पाच जणांना फाशी झाली, पुढच्या वर्षी सहाव्याला. सोसायटीच्या सल्लागार समितीत आदिवासी वकील आणि नेते आले, तेव्हा प्रश्न निघाला की आम्ही या दारातून आत यायचं कसं? २०१७ मध्ये पुतळा हलवला गेला. पुढच्या वर्षी पंतप्रधानांनी संसदेत त्या प्रमुखांना निर्दोष म्हटलं.

हे ऐकल्यावर मला चांदा आठवतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड नेते बाबुराव शेडमाके यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली गेली. दरवर्षी त्या दिवशी गोंड समाज तिथे जमतो. सहा वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन फाशा, दोन्ही एकाच साम्राज्याच्या. कायदा शिकताना मला यातली एकही कुणी सांगितली नाही.

कॅनडाचं गुणगान करायला मी बसलेली नाही. १९२७ ते १९५१ या काळात इथे जमिनीच्या दाव्यासाठी पैसे जमवणं किंवा वकील लावणं, हा सरकारी परवानगीशिवाय गुन्हा होता. १८७६ च्या कायद्यानुसार आदिवासी माणूस वकील झाला की कायद्याच्या नजरेत तो 'इंडियन' उरतच नसे. वकिलीची सनद घ्यायची तर समाज सोडायचा. मतदानाचा हक्क, 'इंडियन' हा दर्जा न गमावता, १९६० मध्ये मिळाला. आपल्याकडे तो प्रजासत्ताकाबरोबरच आला. सर्वोच्च न्यायालय १८७५ चं, आणि त्यावर पहिल्या आदिवासी न्यायाधीश मिशेल ओ'बॉन्सवन २०२२ मध्ये आल्या. लोकसंख्येत पाच टक्के असलेला हा समाज आजही केंद्रीय तुरुंगांत जवळजवळ एक तृतीयांश आहे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आम्ही म्हणतो की ही भूमी मस्क्विम, स्क्वॉमिश आणि स्लेवाटुथ लोकांची आहे, त्यांनी ती कधीही सोडून दिलेली नाही. हे वाक्य आता अनेकांच्या तोंडी पाठ झालेल्या प्रार्थनेसारखं येतं. माझ्याही. आणि मी तर त्यांच्या भूमीवर बाहेरून येऊन घर केलेली बाई. इथल्या वकिलांच्या विविधतेच्या अहवालात मला त्यांच्या शेजारच्या रकान्यात मोजतात, ते मला पटत नाही. मी स्थलांतर निवडलं. त्यांच्यावर ते लादलं गेलं.

म्हणून मित्रांनो, तुमचा अर्धा मुद्दा मी मान्य करते. दार उघडण्याच्या बाबतीत आपण कॅनडाच्या पुढे होतो. पण दारापाशीच आपण थांबलो. आपल्याकडची आदिवासींवरची सगळी चर्चा जमातीच्या दाखल्यापाशी होते: कोण खरा, कोण खोटा, यादीत कुणाला घ्यायचं. बनावट दाखल्यांचा प्रश्न खराच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्या घालून दिल्या, २०१७ मध्ये खोट्या दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही असं बजावलं. दोन्ही वेळा वाद महाराष्ट्रातलेच. (कॅनडातही खोट्या ओळखीचे वाद रंगतात.) पण दाखला खरा निघालेल्या मुलीचं पुढे काय होतं, याची चर्चा मी आपल्याकडे फारशी ऐकलेली नाही.

सनदेचंच घ्या. ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. कायद्यात इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना देशभरातली बार कौन्सिलं निरनिराळी नावं लावून १५,००० पासून ४२,००० रुपयांपर्यंत घेत होती. वर्षानुवर्षं. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. आता विचार करा, ती रक्कम ठरवणाऱ्या बैठकांत कोण बसलं असेल? कायदा मोडायचा म्हणून कुणी मोडला असेल असं मला वाटत नाही. १२५ आणि १५,००० मधला फरक ज्याच्या घरात काही महिन्यांच्या कमाईचा प्रश्न होतो, असं त्या टेबलाशी कुणी असतं, तर कुणीतरी हात वर केला असता. बार कौन्सिल निवडणुकीतून येतं, आणि निवडणूक लढवायला ओळखी, गाड्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पॅनेल लागतं. तिथे आदिवासींसाठी राखीव जागा नाही. लायक माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की वकिलांमधून उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला निदान दहा वर्षं उच्च न्यायालयाची वकिली लागते. म्हणजे नागपूर किंवा मुंबईत खोली घेऊन, ज्युनियर म्हणून हाती येईल त्यात तगून राहणं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ते 'द्यावेत' आहे, 'द्यायलाच हवेत' नाही.

मला कॅनडातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ती सक्तीचा अभ्यासक्रम नव्हे. व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१८ पासून एक जोडपदवी आहे. जॉन बॉरोज आणि व्हॅल नेपोलियन या आदिवासी विधिज्ञांनी ती उभी केली. मुलं कॅनडाचा कायदा शिकतात आणि त्याच बरोबरीने आदिवासी राष्ट्रांचे स्वतःचे कायदे शिकतात. गोष्टीतून, भूमीतून, तिथल्या जाणत्यांकडून. रूढी म्हणून नाही, कायदा म्हणून.

आपल्याकडे याची सामग्री किती जवळ आहे! गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हटलं, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही अशी रीत पाळली, आणि २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. १९४६ मध्ये संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी सांगितलं होतं की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. लॉ कॉलेजात माझ्या वेळी वनहक्क कायद्याला एक तास मिळाला होता. ग्रामसभा वाद कसा ऐकते, साक्ष कशी घेते, याबद्दल शून्य. भामरागडचे ॲड. लालसू नोगोटी, माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात, २०१७ मध्ये गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडूनही गेले. अशा माणसाने विधी महाविद्यालयात येऊन शिकवावं, बार कौन्सिलच्या शिक्षण समितीवर बसावं, आणि शहरातल्या मुलांनी त्यांच्यासमोर वह्या उघडाव्यात, ही कल्पना आपल्याला अजून परकी का वाटते?

हे लिहीत असताना माझ्या जुन्या तालुक्यातल्या एका मुलीचा मेसेज आला. मागच्या वर्षी सनद घेतली तिने, माडिया बोलणारी आहे, अधूनमधून शंका विचारते. यावेळी विचारत होती, "ताई, प्रतिज्ञापत्रात 'टोळंबी वेचायच्या दिवसांत' असंच लिहिलं तर चालेल का? की महिना घालावाच लागतो?"

मी तिला लिहिलं, चालेल. साक्षीदार जे सांगते तेच लिहायचं, महिना तिने सांगितला नसेल तर तू घालू नकोस. कोर्टाने विचारलंच तर ते दिवस कधी येतात हे सांगणारा गावातलाच दुसरा साक्षीदार तयार ठेव.

तिने उलट लिहिलं, "दुसरी आजी तयार आहे. तीच आमच्या ग्रामसभेत असे वाद ऐकते."