पिकअप पाहावी घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हणून ठेवलं, त्याच्या काळात चाकणला गाड्यांचे कारखाने नव्हते. असते, तर तिसरी ओळ त्यानं नक्की जोडली असती.

पिकअप म्हणजे पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा आणि दीड-पावणेदोन टनांचं पासिंग, म्हणजे तेवढा माल न्यायची परवानगी. आपल्याकडे हिच्यातून टोमॅटो जातो, कोंबड्या जातात, मांडवाचे बांबू जातात, भाद्रपदात गणपती जातो आणि बंदी असूनही वैशाखात वऱ्हाड जातं. एवढी कामाची वस्तू, पण घ्यायला निघालेला माणूस 'वजन किती नेते' हे विचारत नाही. तो विचारतो, 'हप्ता किती पडतो?' शोरूमवाल्यालाही नेमकं हेच हवं असतं. हप्ता लहान दिसेल अशी व्यवस्था करणं हा त्याचा हातखंडा आहे.

किमती चढल्या कशा ते आधी पाहू. २००५ साली टाटा एस आली, जिला लोकांनी लगेच 'छोटा हत्ती' करून टाकलं, तेव्हा ती सव्वादोन लाखांच्या आसपास पडायची. जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोची किंमत तेव्हा ३.९९ लाखांपासून होती, तीही पेट्रोलवर आणि ७५० किलो वजनासाठी. तिच्या बॅटरीवाल्या भावंडाला ६.५० लाख पडत होते. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७.६८ लाखांपासून आली आणि एप्रिल २०२३ मध्ये नवी मालिका ७.८५ लाखांपासून. यातला 'पासून' नावाचा नमुना शोरूममध्ये कधीच उभा नसतो. तो 'मागवावा लागेल' या गावी राहतो.

एवढं महाग का, याचं मोठं उत्तर धुरात आहे. १ एप्रिल २०२० ला सरकारनं गाड्यांना धुराच्या बीएस-४ नियमांवरून पाचवी इयत्ता गाळून थेट बीएस-६ मध्ये बसवलं. सायलेन्सर ही पूर्वी एक नळी होती. आता बहुतेक डिझेल गाड्यांत तिथं धूर गाळायची डीपीएफ, मौल्यवान धातूंचा थर दिलेला कॅटॅलिस्ट आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे सेन्सर असा सगळा कारभार आहे. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला आणि गाडी रस्त्यावर चालताना किती धूर सोडते तेही मोजावं लागू लागलं. या सगळ्याचे पैसे कंपनीनं स्वतःच्या खिशातून दिले नाहीत, हे सांगायला नको.

मग सरकारला दया आली. म्हणजे एका सरकारला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कराआधी साडेसात लाखांची गाडी ९.६० लाखांना पडत होती ती ८.८५ लाखांना पडू लागली. पाऊण लाख वाचले! पण त्याआधी जुलैतच महाराष्ट्रानं साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांचा वजनावरचा कर काढून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावला होता. दहा लाखांच्या पिकअपला जिथं वीसएक हजार लागत, तिथं आता सत्तर हजार. दिल्लीनं वाढलेल्या ताटातली पोळी मुंबईनं आधीच उचलली होती.

आता कोटेशनचा कागद. हा नीट वाचावा, शक्यतो घरी नेऊन आणि चष्मा लावून. समजा एक्स-शोरूम ९,५०,०००. खाली कर ६६,५००. नोंदणी, कर्जाचा बोजा चढवणं, फास्टॅग, नंबरप्लेट मिळून पाचेक हजार. विमा चाळीस हजारांच्या घरात, त्यात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरानं १६,०४९ ठरलेला, तो कुठल्याही कंपनीकडे तेवढाच. घासाघीस होते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, आणि तिथं शोरूमचा दर बाहेरच्यापेक्षा जास्त निघाला तर नवल वाटून घेऊ नये. विमा बाहेरून घेता येतो. असं म्हणताच समोरचा माणूस 'मग क्लेमला आम्ही जबाबदार नाही' असं अत्यंत दुःखी चेहऱ्यानं सांगतो. दुःख कमिशनचं असतं.

त्याखाली 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची चार-सहा हजारांची ओळ असते. कशाचं हँडलिंग, हे शांतपणे विचारा आणि वेगळी पावती मागा. ती ओळ तुमच्या डोळ्यांदेखत खोडली जाते. शेवटी हौद्यावरची जाळी, ताडपत्री, रस्सा, मागचा गार्ड, रेडियम पट्ट्या. हे काम बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किलोवर होतं, त्यामुळं ॲंगल जाड घातला की किंमत वाढते आणि तेवढंच गाडीचं स्वतःचं वजनही. शंभर किलोची जाळी चढवली तर शंभर किलो माल कायमचा उतरला, हे फॅब्रिकेशनवाला सांगत नाही. जाळीसकट हिशेब अकरा लाखांवर जातो. पोस्टरवर साडेनऊ लिहिलेलं होतं.

फायनान्सवाला शोरूममध्येच कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला असतो. तो एक्स-शोरूमच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देतो, म्हणजे इथं साडेआठ लाख. उरलेले अडीच लाख तुमचे. त्यात फाइल चार्ज, स्टॅम्प आणि कर्जावरचा विमा वेगळा. हा शेवटचा बहुतेकदा सक्तीचा नसतो, पण सही करायच्या पानांच्या गठ्ठ्यात सुखानं झोपलेला असतो.

'सात टक्के व्याज' असं तो म्हणाला की आनंदून जाऊ नका. विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅटमध्ये चारही वर्षं पूर्ण साडेआठ लाखांवर व्याज लागतं, तुम्ही निम्मं फेडलं असलं तरी. साडेआठ लाखांचे सात टक्के, गुणिले चार, म्हणजे २,३८,००० व्याज आणि ४८ महिन्यांचा हप्ता २२,६६७. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर १२.७ टक्क्यांच्या आसपास जातो. शेजारच्या बँकेनं १२ टक्के सांगितले आणि तुम्ही 'बापरे, बारा!' म्हणून उठलात, तर महाग कर्जाकडे धावत गेलात. बारा टक्क्यांनी तोच हप्ता २२,३८४ येतो.

हप्ता जड वाटला तर टेबलावरचा माणूस उदार होतो. 'साठ महिने करून देतो की!' हप्ता लगेच १८,९०८. साडेतीन हजार कमी! फक्त एकूण व्याज २.२४ लाखांवरून २.८४ लाखांवर गेलं. शिवाय पाचव्या वर्षी गाडीला टायरचा दुसरा सेट, क्लचप्लेट आणि बहुधा बॅटरी लागणार, आणि तेव्हाही हप्ता चालूच असणार. माझं मत विचाराल तर ४८ महिन्यांत न झेपणारी पिकअप ६० महिन्यांतही झेपत नसते. तिची दमछाक फक्त उशिरा दिसते.

आता खरा प्रश्न, जो हौद्यात माल भरल्यावर कळतो. नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या मार्केटला न्यायचा आहे असं धरू. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. भरल्या गाडीला घाटासकट लिटरला साडेबारा किलोमीटर मिळाले तर डिझेल २४ लिटर, ९० रुपयांनी २,१६० रुपये. टायर, ऑईल, ब्रेक यांच्यासाठी किलोमीटरला दीड रुपया बाजूला काढायचा, ते ४५०. चहा, पार्किंग, टोल, गेटवरची किरकोळ देवघेव ५००. भाडं साडेपाच हजार मिळालं तर खेपेमागं उरले २,३९०.

दुसरीकडे गाडी जागेवर उभी असली तरी लागणारा खर्च: हप्ता २२,३८४, ड्रायव्हर अठरा हजार, विम्याचे महिन्याकाठी तीन हजारांहून थोडे जास्त, पीयूसी आणि फिटनेसच्या पासिंगची तरतूद हजारभर. बेरीज ४४ हजारांच्या पुढं. भागिले २,३९०. महिन्याला एकोणीस खेपा झाल्या की मालक शून्यावर येतो. विसाव्या खेपेपासून कमाई सुरू! टोमॅटोचा भाव पडला की मात्र शेतकरी माल तोडतच नाही, आणि एकोणिसाच्या नऊ होतात. भाव चढला की खेपा पंचवीस होतात, पण तेव्हा गावात सगळ्यांनी पिकअप घेतलेली असते आणि भाडं साडेचारवर आलेलं असतं. परतीचं भाडं मिळतं असं सगळेच म्हणतात. वाशीहून रात्री अकराला परत येणाऱ्या रिकाम्या हौद्यांची रांग मात्र वेगळंच सांगते.

आयकर खातं अंदाजे उत्पन्नाच्या सोयीत अशा एका लहान गाडीमागं महिन्याला ७,५०० रुपये कमाई गृहीत धरतं. गाडी कमावते यावर ठाम विश्वास असलेलं हे देशातलं एकमेव खातं असावं.

मग मालक ज्या युक्तीकडे वळतो ती सर्वांना माहीत आहे. टोमॅटोचं कॅरेट वीस किलो मालाचं, रिकाम्या कॅरेटचे दोन, म्हणजे बावीस. १,७०० किलो पासिंगमध्ये बसतात सत्त्याहत्तर. शेतकरी म्हणतो, 'शंभर घ्या, काय होतंय?' होतं असं की वजन २,२०० किलो भरतं, पाचशे किलो जादा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. एका वजनकाट्यावर आठ खेपांची कमाई गेली. काटा चुकवलात तरी गाडी हिशेब ठेवतेच: मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात, टायरच्या कडा खाल्ल्या जातात, घाट उतरताना ब्रेक तापतो. मग पाट्यांच्या थप्पीत एक पाटा जादा घालून घेतात. त्यानं गाडी वाकत नाही, पण चेसिस आणि ॲक्सलची ताकद वाढत नाही. पाटा भार सोसतो आणि खालच्याच्या माथी मारतो, ही आपली जुनी कार्यपद्धती आहे.

सीएनजी घ्यावी का? शहरात फिरत असाल तर विचार करा. गॅस स्वस्त पडतो, पण सिलिंडरचं वजन हौद्यातून वजा होतं आणि पंपावरच्या रांगेत दिवसाचा एक तुकडा जातो. डिझेल घेतली आणि काम फक्त दोन-दोन किलोमीटरच्या चकरांचं असेल, तर डीपीएफ तुंबतो. साठलेली काजळी जाळायला इंजिन तापून काही वेळ सलग पळावं लागतं. त्याचा दिवा लागला की 'नंतर बघू' म्हणू नये. नंतर पाहिलं तर वर्कशॉपचं बिल दिसतं.

परवान्याचं एक बरं आहे. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. विमा कंपन्या याच मुद्द्यावर दावे अडवायच्या.

एवढं वाचून ज्याचा हात खिशावर गेला त्यानं जुनी पाहावी. पण जुनी पाहायची तर खाली वाकून पाहावी, रंगावर जाऊ नये. मागच्या पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोजा, जादा पाटा असेल तर गाडीनं ओव्हरलोड वाहिलंय. पाटे जिथं चेसिसला अडकतात तिथल्या कंसाभोवती बोट फिरवा. ताजं वेल्डिंग किंवा फक्त तेवढ्याच पट्ट्यावर नवा काळा रंग असेल तर नमस्कार करून निघा. हौद्याच्या पत्र्याखालचे आडवे बार टोचून बघा. कोकणातून मासळी वाहिलेली गाडी खारट पाण्यानं आतून कुजलेली असते, आणि मालकानं कितीही उदबत्त्या लावल्या तरी पावसाळ्यात ती स्वतःच सगळं सांगते.

मग कागद. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा, थकलेली चलानं आणि फिटनेसची तारीख पाहायची. नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसचं पासिंग, पुढं दरवर्षी, त्यामुळं साडेसात वर्षांची गाडी 'एकदम स्वस्तात' मिळते त्याला कारण असतं. कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवायचा, फायनान्सरची सही असलेला फॉर्म ३५ आणि एनओसी हातात हवी. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. 'सह्या काय, कधीही करतो' असं म्हणणारा माणूस पुढं फोनही कधी उचलत नाही.

आणि नवीच घ्यायची ठरली, तर डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळाच्या गडबडीत एवढं करा: चेसिस नंबर फॉर्मशी ताडून पाहा, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघा (जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी देत असतील तर सूट मागायचा तुमचा हक्क आहे), स्टेपनी, जॅक, टूलकिट मोजून घ्या आणि दोन चाव्या मागा. शोरूमवाला एकच देईल. दुसरी कुठंय विचारलंत तर तो कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट करील. काही फायनान्सवाले दुसरी चावी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत स्वतःकडेच ठेवतात.