ई-सायकल घेताय? रेंज नंतर, आधी पार्टचं विचारा

ई-सायकल घ्यायची म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात, रेंज किती? मग मोटर किती वॅटची, अ‍ॅप आहे का, कलर कुठले. पाच वर्षांनी बॅटरी बसली किंवा कंट्रोलर (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) उडाला तर पार्ट कोण देणार, हे कोणी विचारतच नाही. माझं स्पष्ट मत, पहिला प्रश्न तोच हवा.

निम्मी ई-सायकल ही साधी सायकलच असते. वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात आणि वर मोटरचा जोर, त्यामुळे चेन आणि ब्रेक पॅड लवकर झिजतात एवढंच, पण ते कुठेही मिळतं. खरा घोळ बॅटरीचा.

बॅटरी उघडली तर आत बोटाएवढे सेल दिसतात, बहुतेक 18650 नाहीतर 21700 साइजचे. 36 व्होल्टच्या पॅकमध्ये सिरीजला 10, 48 व्होल्टच्या पॅकमध्ये 13, आणि त्या प्रत्येकाला जोडून आणखी काही पॅरलल, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला बीएमएसचा (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचा) बोर्ड. साधारण 500 ते 1000 वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झालं की कपॅसिटी 80 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे सायकल भरपूर वापरणाऱ्याला कधी ना कधी नवी बॅटरी लागणारच. "सेल बदलून घेऊ की" असं म्हणणारे भेटतात. होतं तेही, पण काही पॅकमध्ये आत सगळं गोंदाने भरलेलं असतं, आणि काही बीएमएस असे की सेल सुटले की स्वतःला लॉक करून घेतात, मग नवे सेल टाकले तरी पॅक ढिम्म. शिवाय हे काम येणाऱ्यानेच करावं, लिथियमला आग लागली तर विझता विझत नाही. म्हणून मी फ्रेमच्या पोटात लपवलेल्या खास आकाराच्या बॅटरीपेक्षा डाउनट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या पाइपवर) दिसणारी, किल्लीने निघणारी, बऱ्याच मॉडेलना चालणारी बॅटरी घेईन. दिसायला बोजड, असू दे.

कंपनी मोठी आहे, काळजी नाही, असं वाटणाऱ्यांनी व्हॅनमूफचं आठवावं. नेदरलँड्सची गाजलेली कंपनी, सुंदर सायकली, बरेचसे पार्ट स्वतःचेच डिझाइन केलेले. जुलै 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. सायकल अ‍ॅपने अनलॉक व्हायची आणि त्याची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून यायची, त्यामुळे सर्व्हर बंद पडायच्या आत किल्ली उतरवून घ्यायला लोकांची धावपळ. काउबॉय या स्पर्धक कंपनीने तेवढ्यासाठी वेगळं अ‍ॅप काढलं! पुढे व्हॅनमूफला नवा मालक मिळाला, पण सायकल माझी आणि किल्ली दुसऱ्याच्या सर्व्हरवर हा प्रकार मला तरी नको.

मोटर चाकात बसवलेली (हब) की पेडलपाशी बसवलेली (मिड-ड्राइव्ह) यावर लोक तावातावाने भांडतात. चढाला मिड-ड्राइव्ह भारी, वादच नाही. पण तिचा सगळा जोर चेनमधून जातो, आणि बऱ्याच कंपन्या मोटरच्या आतले पार्ट सुटे देतच नाहीत, बेअरिंग गेलं की अख्खी मोटर बदला. बाफांग या चिनी कंपनीच्या बीबीएस02 सारख्या मिड-ड्राइव्ह मोटरींचे गिअर, कंट्रोलर सुटे मिळतात, तशी असेल तर गोष्ट वेगळी. हब मोटर उघडायला सोपी, आतले नायलॉनचे गिअर झिजले तर बदलता येतात. तिचा खरा त्रास मागच्या पंक्चरला. आधी केबल टाय कापा, मग नऊ पिनचा कनेक्टर सरळ ओढून काढा (पिरगाळला की पिना वाकल्याच), अ‍ॅक्सलचे मोठे नट सोडवा, आणि ते दात असलेले वॉशर कुठल्या बाजूने कसे बसले होते ते नीट बघून ठेवा, कारण अ‍ॅक्सल फिरू न देण्याचं काम तेच करतात, आणि अ‍ॅक्सल फिरला की केबल पिळून तुटते. घेण्याआधी दुकानदारालाच म्हणावं, दादा, मागचं चाक काढून दाखवा. तो कसा हात घालतो त्यावरून पुढची सर्व्हिस कशी असेल ते कळतं.

युरोपियन युनियनच्या 2023 च्या बॅटरी नियमात एक चांगली गोष्ट आलीय. फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या ई-सायकलसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी, अगदी आतले सेलसुद्धा, बाहेरच्या जाणकार मेकॅनिकला काढून बदलता आले पाहिजेत, आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं सुटी बॅटरी मिळाली पाहिजे. हीच अट आपणही विकणाऱ्याला विचारावी, आणि उत्तर लेखी घ्यावं.

आणि हो, "मग दुसरी बॅटरी आत्ताच घेऊन ठेवतो" असं कोणी म्हणत असेल तर नको. लिथियमचे सेल न वापरताही म्हातारे होतात, फुल चार्ज करून गरम जागी ठेवले तर आणखी लवकर. तिची वॉरंटीही कपाटातच संपेल.