ओढ नाही

सोलापुरात 'आपल्या गाडीला ओढ नाही' असं चहाच्या टपरीवर बोलू नये. बोललात, की तुमच्या बॉनेटवर तुमचा हक्क संपला.

माझी पिकअप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे उचलते आणि तुळजापूरच्या घाटात दंडवत घालत निघाल्यासारखी चढते. मी एवढंच म्हणालो. मेहुणा पेटला.

"दाजी, हेडर बसवा. तो मॅनिफोल्ड म्हणजे नुसता ओतीव लोखंडाचा ठोकळा. धूर कोंडतोय तिथं!"

मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे सोडणारा भाग, आणि हेडर म्हणजे त्याच्या जागी बसवायच्या वेगवेगळ्या नळ्या. त्याचं सगळंच खोटं नाही. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नसलेल्या पेट्रोल गाडीत सारख्या लांबीच्या नळ्यांचं हेडर कामाला येतं. एका सिलिंडरचा धूर जोरात सुटतो, तो मागे पोकळी करतो आणि पुढच्याचा धूर ओढून घेतो. पण माझी गाडी टर्बोवाली डिझेल. तिथं सगळा धूर टर्बोच्या पात्यांवरच आदळायचा, आणि तो जितका गरम तितकं बरं. ओतीव लोखंड उष्णता धरून ठेवतं, पातळ नळ्या ती हवेत उधळतात. हे मिस्त्रींनी समजावलं. मेहुण्यानं मोबाइलवर कुठल्याशा अमेरिकन पिकअपची डरकाळी ऐकली होती. त्याला ताकद नको, आवाज हवा होता, असा माझा संशय आहे.

वर कायदा आहेच. गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

"पाच हजारच ना?" मेहुणा म्हणाला. कैद कुणाला, हे त्यानं विचारलं नाही. गाडी माझ्या नावावर आहे.

मिस्त्रींनी मात्र भलतंच विचारलं. "सकाळी चालू केल्यावर ठिकठिक वाजते का? तापली की बंद?"

वाजत होती. मग मॅनिफोल्ड उतरवायचं ठरलं. भर मे महिना, पत्र्याचं शेड, आणि गंजलेले स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनाला आवळून धरणारे आटेवाले दांडे. मिस्त्रींनी डिझेल सोडलं, हातोडीनं टकटक केली, पान्याला पाइप लावून जोर दिला. नट हलला. सगळ्यांचे चेहरे खुलले. हलत नट नव्हता, स्टडच पिळवटत होता. कट्!

आता हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात, अर्धा स्टड आणि भोवती अख्खं सोलापूर. पंक्चरवाला म्हणाला ड्रिल मारा. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर म्हणाले, आमच्या वेळी असं होत नव्हतं. मेहुणा म्हणाला, "नवीन हेडच घेऊ बे!" त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं. मिस्त्री कुणाचंच न ऐकता तुटक्या टोकावर नट वेल्ड करून बसले. वेल्डिंगच्या तापानं गंज सुटला आणि स्टड मुकाट बाहेर आला.

मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधल्या गॅस्केटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या पट्टीवर, काजळीचा काळा ओघळ होता. टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच धूर तिथून पळत होता. इंजिन गार असताना फट उघडी, तापलं की लोखंड प्रसरण पावून बंद. मॅनिफोल्डचं वाकलेलं तोंड घासून सपाट केलं, नवं गॅस्केट, नवे स्टड. पुढच्या खेपेला घाटात खालचा गिअर टाकावाच लागला नाही.

मेहुण्यानं टपरीवर जाहीर केलं, "दाजींच्या मॅनिफोल्डचं काम मीच करून घेतलं." काम मॅनिफोल्डचंच झालं, एवढं तर खरंच होतं, खोडून काय काढणार? परवा एक अनोळखी पिकअपवाला दारात उभा.

"हेडर कुठनं बसवलं ओ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "थांबवा त्यांना दाजी, आलोच!"